तलाव साफ होईल, पण हिशेब कधी साफ होणार?

भंगाराच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांनी कोडाईकनालची हकीकत समजून घेण्यासारखी आहे. तमिळनाडूतील हे थंड हवेचे ठिकाण. मध्यभागी इंग्रजी अमदानीत बांधलेला तलाव, तलावालगत ब्रायंट पार्क नावाची बाग, होड्या, भाड्याची घोडी आणि हंगामात पर्यटकांची झुंबड. याच गावात थर्मामीटर बनवणारा एक कारखाना होता. १९८० च्या दशकात अमेरिकेतील जुना कारखाना उचलून येथे आणण्यात आला आणि पुढे तो हिंदुस्तान लिव्हर या बड्या कंपनीच्या ताब्यात गेला. मार्च २००१ मध्ये गावातील लोक व ग्रीनपीस ही संघटना यांनी एका भंगारवाल्याच्या वखारीत पडलेला फुटक्या थर्मामीटरच्या काचेचा ढीग जगापुढे आणला. त्या काचेत पारा होता. ५.३ टन काच आपल्याच ठरलेल्या पद्धतीला सोडून भंगारात विकली गेली, असे खुद्द कंपनीने मान्य केले. त्याच महिन्यात कारखाना बंद झाला.

येथे एक गोष्ट आपण व्यापारी म्हणून ध्यानात घ्यावी. एवढ्या मोठ्या कंपनीचा माल, पण तो उघडकीस आला भंगारवाल्याच्या दारात. फोटो निघाले ते त्याच्या वखारीचे. वजनकाट्यावर काच आणि पारा वेगवेगळे दिसत नाहीत. माल किलोवर येतो, किलोवर जातो, आणि त्यात लपलेली पीडा मात्र ज्याच्या अंगणात ढीग आहे त्याच्या नावावर चढते.

पुढे मे २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा व माल जहाजाने अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातील एका कारखान्याकडे रवाना करण्यात आला. परदेशातून भारतात कचरा येतो, हे आपण नेहमी ऐकतो. येथे तो उलट पाठवला गेला. लोकांच्या जागरूकतेचे हे मोठे यश होते. पण एवढ्याने प्रकरण मिटले नाही. कारखान्याच्या आवारातील मातीत पारा मुरलेला होता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हैदराबादच्या सरकारी शास्त्रज्ञांना कोडाईकनाल तलावाचे पाणी, तळाचा गाळ आणि मासे या तिन्हींत पारा आढळला. म्हणजे बागेत बसून लोक ज्या पाण्याकडे पाहत होते, त्या पाण्याच्या तळाशी कारखान्याची शिल्लक जाऊन बसली होती.

इन्सुलीत बसून कोडाईकनालची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आपल्या सिंधुदुर्गात मोठे रासायनिक कारखाने नाहीत. इन्सुलीची सूतगिरणी बंद पडून काळ लोटला. १९९७ पासून हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला आहे आणि गावोगाव तळ्याकाठी बाग, नदीकाठी घाट, खाडीकाठी बाकडी अशी कामे निघत असतात. सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसले की वाटते, आपल्याला या कटकटींशी काय देणेघेणे?

देणेघेणे आहे. ते सांगण्यासाठी मला माझ्याच घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या फणसाची गोष्ट

मुंबई-गोवा रस्त्यावर इन्सुलीपासून बांद्यापर्यंत आपल्या लोकांची किती दुकाने आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. पंक्चर, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, बॅटरी, सीट-कव्हर, भंगार. नाक्यावर गाड्या थांबतात, घाट चढून-उतरून गाड्या तापतात, आणि त्यावर आपली चूल पेटते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमचे अब्बा रस्त्याच्या कडेला जुन्या बॅटऱ्या घेत असत. मोठा व्यापारी बॅटरीतले पाणी वजनात धरीत नसे. म्हणून बॅटरी आडवी करून ॲसिडचे पाणी ओतायचे, सुकवायची आणि मग काट्यावर चढवायची. हे पाणी ओतण्याची जागा म्हणजे दुकानामागचा फणस. ओतण्याचे काम माझ्याकडे असे.

दोन पावसाळे गेले आणि फणस एका बाजूने वाळू लागला. खालच्या अंगाला शेजाऱ्यांची विहीर होती. शेजारचे आबा एक दिवस कुंपणाजवळ उभे राहून म्हणाले, "रे झिला, तुमच्या फणसाक काय झाला? पाना पिवळी पडतत." मी काही बोललो नाही. पुढे त्यांच्या घरच्या बाया पिण्याचे पाणी वरच्या विहिरीवरून आणू लागल्या. भांडण झाले नाही, तक्रार झाली नाही. ईदला शिरखुर्मा त्यांच्याकडे गेला आणि चतुर्थीला करंज्या आमच्याकडे आल्या. पण पाणी वरच्या विहिरीवरून येत राहिले.

अब्बांना ते लागले. त्यांनी एक टेम्पो तांबडी माती आणून ती जागा बुजवली, वर चुना मारला आणि वाळलेला फणस तोडला. जागा स्वच्छ दिसू लागली. आम्हाला वाटले, विषय संपला. आज मी जेव्हा तलाव साफ करण्याच्या, नदी साफ करण्याच्या बातम्या वाचतो, तेव्हा मला तो मातीचा टेम्पो आठवतो. आम्हीही साफसफाईच केली होती. शिसे कुठे गेले, हे आम्ही विचारले नाही. माती तपासली नाही, विहीर तर नाहीच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, एखादा तलाव, नदी किंवा बाग कारखान्याच्या कचऱ्यातून साफ करण्याचे काम निघाले की लोकांनी तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत: किती साफ करणार? निघालेला कचरा कुठे नेणार? आणि पैसे कोण भरणार? हे तीन प्रश्न व्यापाऱ्याला अपरिचित नाहीत. माप, माल आणि बिल याच त्या तीन गोष्टी. त्या ज्या सौद्यात ठरलेल्या नाहीत तो सौदा आपण कधी करीत नाही. मग गावाच्या पाण्याच्या बाबतीत का करावा?

पहिला प्रश्न: किती साफ?

'साफ' हा शब्द फार फसवा आहे. कोडाईकनालमध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ वाद चालला तो या एका शब्दावर. कारखान्याच्या मातीत एका किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहिला तरी ती माती साफ समजावी, असे माप प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केले. गावातील लोकांचे व त्यांच्या बाजूच्या जाणकारांचे म्हणणे असे की हे माप सैल आहे. जागा डोंगराच्या कडेवर आहे, खाली पांबार शोला हे जंगल आहे, पावसाने माती खाली उतरते आणि ओढ्यांतून पुढे जाते. अशा ठिकाणी माप अधिक कडक हवे. कंपनीचे म्हणणे असे की, फार कडक माप लावले तर झाडे तोडावी लागतील, अधिक माती उकरावी लागेल आणि त्यानेच डोंगर खचेल.

दोन्ही बाजूंत तथ्य असू शकते. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. साफ म्हणजे किती साफ, हे आकाशातून ठरून येत नाही. ते माणसे ठरवतात. आणि ज्या माणसांना त्याच पाण्यावर जगायचे आहे ती ठरवताना हजर नसतील, तर माप दुसऱ्याच्या सोयीचे पडते. दुकानदार आपलाच काटा आणून आपल्याच मालाचे वजन करतो तेव्हा गिऱ्हाईक निदान काट्याची सुई पाहतो. येथे तर सुई कुठे आहे हेच लोकांना दाखवले जात नाही.

तलावाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पारा, शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत. ते गाळाला चिकटून तळाशी बसतात. वरचे पाणी तपासले तर ते अनेकदा ठीक निघते. कमळे फुललेली असतात, बदके पोहत असतात, अहवालात 'पाणी समाधानकारक' असे लिहिले जाते. खरी शिल्लक खाली असते. तेथून ती किड्यांत, किड्यांतून माशांत आणि माशांतून माणसांच्या ताटात येते. पाऱ्याचे तर तळच्या गाळात जिवाणूंमुळे अधिक विषारी रूप तयार होते आणि मासा जितका मोठा, तितके ते त्याच्यात अधिक साठते. म्हणून तलाव साफ केल्याचा दाखला मिळाला की विचारावे: पाणी तपासले की गाळही तपासला? मासे तपासले काय? कुठल्या जागेचे नमुने घेतले, किती खोलीवरून घेतले, आणि पावसाळ्यापूर्वी की पावसाळ्यानंतर?

मासळीचा धंदा करणाऱ्या बांधवांना हे अधिक लागू आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे दाभोळ खाडीतील मासळीचे व मच्छीमारांचे काय झाले, हे खेड-चिपळूणकडच्या लोकांना सांगायला नको. मासळी मेली की दिसते. पण जिवंत, चकचकीत मासळीत काय साठले आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि बाजारात त्याचा भावही वेगळा लागत नाही. एकदा संशय पसरला की मात्र चांगली मासळीही पडून राहते.

दुसरा प्रश्न: निघालेला माल कुठे नेणार?

तलावातून गाळ काढला, मैदानातून माती उकरली. पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर जेथे दिले गेले नाही तेथे एका गावाची पीडा दुसऱ्या गावाच्या गळ्यात पडली आहे.

भोपाळचेच पाहा. १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. त्यानंतर चाळीस वर्षे कारखान्याच्या आवारात विषारी कचरा पडून होता. न्यायालयाच्या आदेशावरून त्यातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून मध्य प्रदेशातच धार जिल्ह्यातील पीथमपूरला नेण्यात आला. भोपाळकरांनी सुटकेचा श्वास टाकला, पण पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. बंद पाळला गेला, दोघांनी अंगावर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. अखेर प्रथम चाचण्या घेऊन २०२५ च्या मध्यापर्यंत तो कचरा जाळण्यात आला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहून जास्त वजनाची, आठशे टनांहून अधिक भरली. आता ती राख कुठे व कशी पुरायची, हा पुढचा प्रश्न. शिवाय भोपाळच्या कारखान्याभोवतीच्या जमिनीत आणि भूजलात मुरलेले विष त्या ३३७ टनांत धरलेलेच नाही.

याच्या शेजारी जपानमधील मिनामाताचे उदाहरण ठेवावे. तेथील एका कारखान्याने खाडीत पारा सोडला, मासे खाऊन माणसे लुळी पडली, मुले अपंग जन्मली. १९५६ साली हा रोग प्रथम अधिकृतपणे नोंदला गेला. पुढे १९७७ ते १९९० या काळात खाडीतील सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून खाडीच्याच एका भागात बंदिस्त करण्यात आला आणि त्यावर सुमारे ५८ हेक्टर जमीन तयार झाली. आज तेथे बाग आहे, खेळाची मैदाने आहेत. कचऱ्यावर बाग केली म्हणून ती वाईट, असे मी म्हणत नाही. फरक असा की, त्या बागेखाली काय आहे हे तेथील प्रत्येकाला माहीत आहे. खाडीच्या तोंडाशी जाळे बांधून दूषित मासे बाहेर जाऊ नयेत असा बंदोबस्त होता आणि मासे निर्धोक झाल्याची खात्री पटल्यावर १९९७ मध्ये ते काढले गेले. म्हणजे बाग झाल्यावरही नजर ठेवणे सुटले नाही. आपल्याकडे बागेचे उद्घाटन झाले, फीत कापली, की फाईल बंद होते.

आपल्या महाराष्ट्रात तर याबाबत विशेष सावध राहावे लागेल. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत धरणा-तळ्यांचा गाळ शेतात टाकला जातो. योजना चांगली आहे, साध्या तळ्याचा गाळ म्हणजे शेताला सोने. परंतु ज्या पाण्यात गॅरेजचे, प्लेटिंगचे, रंगाचे किंवा कारखान्याचे सांडपाणी येते, तेथील गाळ न तपासता उचलला तर ते सोने नव्हे. तळे साफ झाले आणि शेत नासले, अशी वेळ यायची.

बांद्याहून दोडामार्गाकडे जाणाऱ्यांना कळणे गाव माहीत आहे. तेथे खनिजाच्या खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी व चिखल जुलै २०२१ मध्ये बांध फोडून खाली आला आणि घरे, बागायती, शेती यांचे नुकसान झाले. तो तलाव नव्हता, खाणीचा खड्डा होता. परंतु साठवून ठेवलेली पीडा बांधाच्या भरवशावर सोडली तर कोकणातील एक पाऊस काय करतो, हे आपण घराजवळच पाहिले आहे. तामिळनाडू, मध्य प्रदेश किंवा जपान यांची उदाहरणे ज्यांना दूरची वाटतात त्यांनी कळण्याला जाऊन यावे.

तिसरा प्रश्न: बिल कोणाच्या नावावर?

ज्याने घाण केली त्याने ती काढावी, हा साधा न्याय आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दोन प्रकरणांत तो ठामपणे सांगितला. एक प्रकरण राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावचे. तेथे रंगांसाठी लागणारे 'एच ॲसिड' बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी लालसर झाले. कारखानदारांनी साफसफाईचा खर्च द्यावा, असा निकाल झाला. परंतु एकामागून एक अर्ज करून त्यांनी रक्कम टाळली. शेवटी २०११ साली न्यायालयाने सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. पहिल्या निकालापासून पंधरा वर्षे. व्याजाचा हिशेब झाला, पण त्या पंधरा वर्षांत विहिरीचे पाणी न वापरता आलेल्या शेतकऱ्याचा हिशेब कोणत्या कोष्टकात बसवायचा?

दुसरे प्रकरण वेल्लोरच्या चामडे कारखान्यांचे. यात आपल्या लोकांची संख्या मोठी होती आणि आहे. न्यायालयाने प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड केला आणि सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था नसेल तर टॅनरी बंद, असे सांगितले. या निकालाने पुष्कळ बांधव नाराज झाले होते. धंदा आमचाच दिसतो का, असा सूर निघाला. कानपूरमधील जाजमऊच्या टॅनऱ्या २०१८-१९ मध्ये कुंभमेळ्याच्या काळात बंद ठेवण्यात आल्या तेव्हाही तोच सूर होता. या नाराजीत सगळे खोटे नाही. साफसफाईचा बडगा उगारला जातो तेव्हा तो लहान कारागिरावर आधी पडतो. त्याचे शेड एका नोटिशीत बंद होते. मोठी कंपनी वकील उभा करते, तज्ज्ञ उभा करते, वर्षे काढते. कोडाईकनालच्या ५९१ माजी कामगारांना कंपनीशी तडजोड होण्यासाठी मार्च २०१६ पर्यंत, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर पंधरा वर्षे वाट पाहावी लागली. आणि कामगारांच्या प्रकृतीला आमच्यामुळे अपाय झाला नाही, ही कंपनीची भूमिका तरीही कायम राहिली.

परंतु म्हणून आपण काहीच करीत नाही, आपल्याला छळले जाते, एवढेच म्हणत बसणे बरोबर नाही. बॅटरीचे पाणी मीच ओतले होते. कुठल्या कंपनीने येऊन ओतले नव्हते. आपल्यावर अन्याय होऊ नये असे वाटत असेल तर आपला हिशेब आधी चोख हवा. चोख हिशेबवाल्याचा आवाज सभेत वेगळा लागतो.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी नवे नियम लागू केले आहेत. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, प्रदूषण मंडळाने मुदतीत तपासणी करायची, जबाबदार कोण ते ठरवायचे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा, असा त्याचा मुख्य आशय. जबाबदार सापडला नाही तर खर्च सरकारने सोसायचा. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि प्रत्यक्ष साफसफाई फक्त सातांवर सुरू झाली होती, असे सांगण्यात आले. नियमांचे स्वागत करावे. पण खाणकामामुळे झालेले प्रदूषण या नियमांतून वगळले आहे, हे सिंधुदुर्गकरांनी विसरू नये. आपल्या जिल्ह्यात मोठा धोका ज्याचा, तोच बाहेर राहिला. त्यासाठी वेगळा आवाज उठवावा लागेल.

'बोलू नका, गिऱ्हाईक जाईल'

या विषयावर बोलताना बाजारातून एक उत्तर हमखास येते: गाजावाजा करू नका. पर्यटक येणार नाहीत, हॉटेल बसेल, मासळी पडेल, जमिनीचे भाव उतरतील. हे बोलणारे काही वाईट लोक नाहीत. त्यांचे कर्ज डोक्यावर आहे, हंगाम चार महिन्यांचा आहे. मीही रस्त्यावरचा दुकानदार आहे, मला ती भीती कळते.

पण धंद्याच्याच भाषेत विचार करू. खराब माल झाकून विकला तर पहिला दिवस जातो, दुसराही जातो. ज्या दिवशी पिशवी उघडते त्या दिवशी दुकानाची पत जाते, आणि शेजारच्या चांगल्या दुकानाचीही जाते. कोडाईकनालचे नाव खराब झाले ते बोलणाऱ्यांमुळे नव्हे. काच आधी वखारीत पडली, बोलणे नंतर सुरू झाले. जे गाव आपल्या पाण्याची तपासणी दरवर्षी करून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावील, त्या गावातील मासळीवाला आणि खानावळवाला ताठ मानेने धंदा करील. मालातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगून मग विकावा, ही तिजारतीची तालीम आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. ती तळ्याच्या पाण्यालाही लागू होते.

आपण काय करू शकतो

इन्सुली, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातील दुकानदार-कारागिरांनी निदान एवढे करावे असे मला सुचवावेसे वाटते.

एक, गॅरेजचे काळे ऑईल नाल्यात किंवा मातीत जाता कामा नये. ते बंद डब्यात साठवावे आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावे. एकट्या गॅरेजचे ऑईल न्यायला कोणी येत नाही, ही अडचण खरी आहे. पण रस्त्यावरच्या सर्वांनी मिळून एका ठिकाणी पिंपे ठेवली तर गाडी येईल.

दोन, बॅटरी पाण्यासकट घ्यावी आणि पाण्यासकट द्यावी. २००१ पासून बॅटऱ्यांसाठी नियम आहेत आणि २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. या जबाबदारीचा फायदा आपण घ्यावा. ॲसिड ओतून वजन घटवण्याची रीत आपल्या संघटनेने एकमताने बंद करावी. एकाने बंद केली तर तो तोट्यात जातो, सर्वांनी केली तर भाव आपोआप जुळतो.

तीन, माल भंगारात घेताना तो कुठून आला व त्यात काय होते, हे विचारून वहीत लिहावे. मोठ्या कारखान्याचा माल असेल तर लेखी पावतीशिवाय उचलू नये. स्वस्त मिळतो म्हणून घेतलेली काच कोणाला किती महाग पडली ते वर सांगितलेच आहे.

चार, ग्रामसभेला जावे. तळे, नदी किंवा ओढा यांचे गाळ काढण्याचे, सुशोभीकरणाचे काम निघाले की वरचे तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. २००५ पासून हा हक्क आहे, पण आपल्या बाजारपेठेत तो फारच थोडे वापरतात. उत्तर न मिळाल्यास पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापर्यंत जाण्याची वाट आहे. एकट्याने जाऊ नये, गावाने जावे. पाण्याच्या प्रश्नात मोहल्ला आणि वाडी असा भेद नसतो. बांद्याची तेरेखोल नदी सर्वांच्या दारावरून वाहते आणि पुढे गोव्याच्या हद्दीला लागून समुद्राला मिळते. आपण येथे सोडलेले तेथे पोहोचते.

पाच, साफसफाईच्या नावावर लहान कारागिराचे शेड बंद करण्याआधी त्याला पर्याय द्यावा, ही मागणी ठामपणे करावी. सामायिक टाकी, सामायिक यंत्रणा, हप्त्याने पैसे. पण ही मागणी करताना आपले मागचे अंगण दाखवता आले पाहिजे.

आमच्या मागच्या अंगणाचे सांगून संपवतो. अब्बा आता नाहीत. आबाही गेले. त्यांच्या विहिरीवर त्यांच्या नातवाने पंप बसवला आहे आणि नळाचे पाणी कमी पडले की त्या विहिरीचे पाणी घरात येते. परवा त्याला मी फणसाची सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काका, ह्या आदी कित्या नाय सांगितलास?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता विहिरीचे पाणी आणि आमच्या दुकानामागची माती, दोन्ही शिशासाठी तपासायला पाठवायचे ठरले आहे. खर्च माझा, आणि अहवाल पहिल्यांदा त्याच्या हातात. त्यात काय निघेल ते निघो. निघाले तर त्या टेम्पोभर मातीखालचे काम, जे आम्ही झाकून ठेवले होते, ते आता नीट करावे लागेल.